इपॉक्सी कंपनीची फळी

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे रज्जाकचं दुकान आहे. कूलरच्या फुटक्या टाक्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, मोटरसायकलचे तडकलेले मुखवटे, म्हणजे जे जे फायबरचं आणि जे जे फुटलेलं, ते सगळं तिथे येतं. रज्जाक वस्तूकडे धड पाहतही नाही. "होऊन जाईन," म्हणतो आणि मोकळा होतो. "नाही जमत" हे त्याच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. खरं सांगायचं तर धंदा हातापेक्षा तोंडावरच जास्त चालतो. सांधलेली टाकी पुन्हा गळली तरी लोक त्याच्याकडेच येतात, कारण दुसरे मिस्त्री आधी नाक मुरडतात. त्याची बायको सरवरी म्हणते, "मौत दारात आली तरी हे म्हनतीन, होऊन जाईन."

मे महिन्यात गावातला ऋत्विक बेंगळुरूहून घरी आला, तो पुरुषभर उंचीची एक पांढरी फळी घेऊन. समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी. सातपुड्याच्या पायथ्याशी समुद्र नाही ही अडचण त्याने मनावर घेतली नव्हती, कारण फळीसोबतचे फोटो मोबाइलवर टाकायला समुद्र लागत नाही. फळीचा खरा उपयोग ओळखला तो त्याच्या आईने, सुभद्राबाईने. इतकी लांब, गुळगुळीत जागा गच्चीवर दुसरी नव्हती. तिने फळीवर कुरडया घातल्या आणि वाऱ्याने हलू नये म्हणून टोकाला पाटा ठेवला. उन्हाने फळीच्या पोटाला फोड आला, पाट्याने टोक तडकलं. कुरडया मात्र छान वाळल्या.

ऋत्विकचा चेहरा पडला. डिंपलशी त्याचं लग्न ठरलं होतं. रविवारी तिच्या घरचे खामगावहून येणार होते, आणि होणाऱ्या जावयाला फळीवर उभं पाहायची त्यांना फार हौस होती. मामाच्या शेततळ्यावर कार्यक्रम ठरला होता. लाट कुठून आणणार, असं कोणी विचारलं तर मामा म्हणाला, "मोटार लावू न!"

ऋत्विक फळी घेऊन रज्जाककडे गेला. "चाचा, साधं फायबर नाही हे. इपॉक्सी आहे."

आता आपल्याकडे पंखा असो, बियाणं असो की जावई असो, पहिला प्रश्न एकच: कोणत्या कंपनीचा? इपॉक्सी हे खरं तर फायबर सांधायच्या एका रसायनाचं, रेझिनचं, नाव; रज्जाकने ती कंपनीच धरली. "इपॉक्सीची असो नाहीतर कोन्त्याई कंपनीची. होऊन जाईन."

त्याने फोड कापला आणि टाक्यांना लावतो तेच रेझिन आत ओतलं. फळीच्या पोटात होता थर्माकोल. ते रेझिन लागताच तो चहातल्या साखरेसारखा विरघळायला लागला. खड्डा पडला, म्हणून रज्जाकने आणखी ओतलं. खड्डा आणखी वाढला. चूक कळली, पण थांबणार कसा? थांबणं म्हणजे "नाही जमत" म्हणणं. शेवटी त्या पोकळ पोटात त्याने कूलरचं गवत कोंबलं, वर रेझिनचे थर चढवले आणि घासून-पुसून अशी चकाचक केली की वरून नवीच वाटावी.

"आता तरी सांगा त्याले," सरवरी म्हणाली.

"सांगीन न," रज्जाक म्हणाला, आणि सांगितलं नाही.

फळी नेताना ऋत्विक वाकलाच. "जड झाली, चाचा."

"मजबूत केली."

रविवारी शेततळ्यावर निम्मं गाव लोटलं, त्यात रज्जाकही होता. मोटार धडधडत होती. प्लास्टिकचे निसरडे काठ, खाली दोन पुरुष पाणी. पाहुण्यांनी मोबाइल वर धरले होते. ऋत्विक फळी कवटाळून काठावर उभा होता आणि पाण्याकडे बघताना त्याचे ओठ थरथरत होते. याला पोहता येत नाही, हे रज्जाकला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"थांब बे!" तो ओरडत पुढे धावला. "उतरू नको! बिघडवली म्या. आत गवत हाये. मले नाही जमलं!"

मोटार बंद झाली. ऋत्विकने रज्जाककडे असं पाहिलं, की आता पायाच पडतो. मग तो पाहुण्यांकडे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आता मिस्त्रीनंच काम खराब केलं, तर मी काय करू?"

"जाऊ द्या जावईबापू," डिंपलचे वडील म्हणाले. "मिस्त्री लोक असेच असतात."

रज्जाकला फार लागलं ते. याला पोहताच येत नाही, असं बोलावंसंही वाटलं, पण डिंपल समोर उभी होती. तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी कुलदीप नावाचा एक दुकानदार ऑटोतून फुटकी टाकी घेऊन आला. "होईन काय?"

रज्जाक टाकीभोवती फिरला. तडा बोटाने चाचपला, आत डोकं घालून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वस्तू नीट पाहिली. "ठेवून जा. पाहून सांगतो."

कुलदीपचं तोंड उतरलं. "पाहून सांगतो म्हनते! म्हनजे याले येतच नाही," तो ऑटोवाल्याला म्हणाला आणि टाकी परत चढवू लागला. ती एकट्याने चढेना आणि ऑटोवाला खाली उतरेना, म्हणून दुसऱ्या बाजूने रज्जाकनेच हात लावला.