‘पेगन’ला मराठी शब्द

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवत होते. मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या. त्यांना मराठी फारसं येत नसे, म्हणून शिपाई-आयांशी बोलायचं असलं की मधे मला बसवत.

शाळेतली आया नागपूरजवळच्या कुही गावाकडची. नवरा गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. शाळेनं तिला आवारात खोली दिली, पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला. रोज चर्चमध्ये गुडघे टेकायची. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीला गोवर आला. तिनं येशूपुढे मेणबत्ती लावली आणि गोवर-देवीची मानलेल्या जवळच्या माताआईच्या देवळातही दहीभात ठेवून आली. कुणीतरी चुगली केली.

सिस्टरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. मला खुर्ची दिली, ती उभी. तिला विचारा, म्हणाल्या, ती ख्रिश्चन आहे की पेगन? मी अडले. तेव्हा त्यांनीच समजावलं, की लॅटिनमध्ये हा शब्द मुळात खेड्यातल्या माणसाचा. शहरं आधी ख्रिस्ती झाली, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून तसल्या सगळ्यांनाच तो चिकटला. ख्रिसमसचं झाडही त्या जुन्या लोकांचंच म्हणतात ना, असं मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, झाड चर्चनं आत आणलं, हिनं कुणाला विचारलं?

मी आयाकडे वळले. "सिस्टर विचारतात, तू ख्रिश्चन झालीस, की अजून गावंढळच आहेस?"

दुसरा शब्द सापडला असता. पण हा उच्चारताना मला बरं वाटलं होतं.

ती माझ्याकडेच बघत म्हणाली, "बाई, येशू माहा हायेच. पोरगी तापानं फणफणून रायली होती, म्हून दोघाइले हाक मारली. तुमच्या घरी त सारे देवच हायेत, तुमाले खुर्ची भेटते. मलेच काहून उभं केलं?"

काय म्हणाली, सिस्टरांनी विचारलं. दोन्ही देव मानते म्हणते, एवढंच मी सांगितलं. तिचा प्रश्न गिळून टाकला.

आठवड्यात खोली रिकामी झाली. कुहीला दिरांनी बाटलेली म्हणून ओसरीवरही येऊ दिलं नाही. दिवाळीनंतर ती महाल भागात आमच्या दारी काम मागायला आली. पोरगी वाचली, म्हणाली, पण एका कानानं ऐकू येत नाही. सासूबाईंनी तिला वेगळ्या कपात चहा दिला. मी आमच्याकडे बाई आहे, असं सांगून तिला वाटेला लावलं. बाई नव्हती.