मधली फणी

"वरची फनी कोनीबी चांगली लावते, भाऊ. मधली दाखव."

नवं पुस्तक हातात आलं की नानांचं हे वाक्य ठरलेलं. नाना सावद्याचे केळीचे व्यापारी, घडातली मधली फणी बघून माल पारखणारे. जळगावच्या आमच्या वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीवर त्यांना कोणी घेतलं, देव जाणे. मी तिथला ग्रंथपाल. विक्रेता पुस्तकं निवडीसाठी पाठवायचा, समिती हवी ती ठेवून बाकीची परत करायची. नाना मुखपृष्ठाकडे ढुंकूनही बघत नसत. अंगठा घालून पुस्तक बरोबर मधोमध उघडायचे, वास घ्यायचे आणि तेवढ्या पानावरून निकाल द्यायचे. एका नामांकित चरित्राला ते म्हणाले होते, "हे कारबाईडवर पिकवेल हाये." असा माणूस तुमच्याही गावात असेल. मला त्यांचा राग यायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचा इतिहास. मला ते हवंच होतं, कारण कॉलेजची मुलं असलं काहीतरी मागत होती. अडचण नानांची. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं केळीचा धंदा सोडून धुळ्याला व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. पोरं शाळा बुडवून तिथं बसतात म्हणून आयांनी गिल्ला केला आणि दुकान बंद पडलं. त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगा घरी फिरकला नव्हता, नानाही धुळ्याला गेले नव्हते.

बैठकीआधी मी अध्यक्षांच्या कानात सांगितलं, "नाना मुलाचा राग पुस्तकावर काढणार. त्यांचं मत धरू नका." आज लाज वाटते, पण सांगितलं खरं.

नानांना इंग्रजी येत नसे. ते दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसले. "कंपनीनंच लिव्हेल हाये ना? मंग आपल्या मालाले खराब कोन म्हनीन? नुसकान कुठी लिव्हेल हाये, ते वाच."

मी शोधलं. मध्यावर तो प्रसंग होता. एक यंत्र कोणीच घेतलं नाही, खोकी जशीच्या तशी परत आली. मालक लाजेनं घरी जाईना, गोदामातच बसून राहिला. मी मराठीत सांगत गेलो.

"अजून एकडाव वाच."

असं तीनदा वाचायला लावलं. आता बैठकीत हेच तोंडावर फेकणार, असं मी धरून चाललो.

बैठकीत नाना एवढंच म्हणाले, "ठेवा. मधली फनी खरी हाये." आणि पुस्तक पहिलं स्वतःच्या नावावर नेलं.

माझा संशय तरी कुठं जातो! इंग्रजीचा गंध नाही आणि पुस्तक कशाला? तापीत बुडवायला नेलं असणार. दोन स्मरणपत्रं टाकली, उत्तर नाही. मग एक दिवस नाना गेल्याचीच बातमी आली.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा पुस्तक घेऊन आला.

"उशीर झाला, माफ करा. नाना दर गुरुवारी धुळ्याला यायचे. बंद दुकानात बसून मला यातलं वाचून दाखवायचे."

"नाना? इंग्रजी?"

"एकच गोष्ट. माल परत आला आणि तो माणूस लाजेनं घरी जाईना. ओळीखाली बोट धरून वाचायचे. शेवटच्या गुरुवारी पुस्तक मिटलं नि म्हणाले, 'चाल आता घरी.' आलो त्यांच्याबरोबर. चार महिने मिळाले."

मी पुस्तक उघडलं. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाची खूण होती. त्या पानावर कंपनीच्या उपाहारगृहात काय काय मिळायचं, त्याचं वर्णन होतं. नुकसानीचं प्रकरण पुढं वीस-पंचवीस पानांवर. मी गुपचूप पुस्तक मिटायला लागलो.

"मला इंग्रजी वाचता येतं," तो म्हणाला. "पहिल्याच गुरुवारी कळलं होतं."

"मग?"

"मग काय? मी म्हणायचो, नाना, अजून एकदा वाचा."