समोरच्या वहिनींची अमेरिकेची परीक्षा

हुडको कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या वहिनी वर्षातले बरेच महिने अमेरिकेत मुलाकडे असतात आणि थंडीत घरी येतात. यंदा त्या तिकडच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास घेऊन आल्या. आता मेथी निवडता निवडता त्या अमेरिकेची राज्यघटना घोकून राहिल्या.

"भाऊजी, तुम्ही तिथले साहेब व्हा. मले प्रश्न विचारा," म्हणाल्या.

मी चौथी शिकलेला. मले इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडून प्रश्न मराठीत पाठ करून घेतले. मी व्हरांड्यात खुर्चीवर ताठ बसतो. त्या फाटकाबाहेर जातात, परवानगी मागून आत येतात, आणि बसा म्हटल्याशिवाय बसत नाहीत. उत्तर इंग्रजीत देतात. बरोबर का चूक, मले काय समजते! अडखळल्या की मी चूक म्हणतो.

"झेंड्यावर तेरा पट्टे कावून?"

फाडकन उत्तर येते.

"कायदे कोण बनवते?"

तेही येते, वरून स्वतःच टाळी वाजवतात. मलेही जोर चढते. आमची ही गेल्यापासून मी एवढ्या मोठ्यानं बोललोच नव्हतो.

काल एकही उत्तर अडलं नाही. "पास झाली की मी तिकडचीच, भाऊजी! सुनेसोबत मत टाकायले जाईन!"

मी साहेबाच्याच आवाजात विचारलं, "मंग इकडं कधी याल?"

वहिनी खुर्चीत सरळ झाल्या. "हे तिथं विचारत नाहीत, साहेब. पुढचा प्रश्न घ्या."

मी घेतला.