माळवदावरून दिसणारा राजकुमार

आमच्या आत्याला पसंत पडेल असा वीरपुरुष टीव्हीवर कधी उगवलाच नाही. अंबडच्या आमच्या घरात नवा टीव्ही आला तेव्हा रविवारी सकाळी एक मालिका लागायची. जादूगार, उडता घोडा, राक्षसाच्या पिंजऱ्यातली राजकन्या आणि दर आठवड्याला तिला सोडवायला निघालेला राजकुमार. निम्मी गल्ली आमच्याकडे जमायची. आत्या मुलींना शिवण शिकवायची, त्यामुळे तिची नजर आधी कपड्यांवर जाई. "इतके दिवस जंगलात हिंडून राह्यला, अन् अंगरखा बघा, जसाच्या तसा पांढरा. धुणं कोण करून राह्यलं याचं?" राजकन्या आसवं गाळू लागली की ती आणखी भडके. "हात मोकळे हायत, केसात आकडा हाय, कुलूप समोर हाय. मंग रडून काय राह्यली ही?" राक्षसाबद्दल मात्र तिचं मत बरं होतं. त्याने राजकन्येला जेवलीस का म्हणून विचारलं होतं. राजकुमाराला ते कधी सुचलं नव्हतं. पुढे औरंगाबादला मी स्त्रीवादी समीक्षेची जाडजूड पुस्तकं वाचली, तेव्हा त्यांत आत्याचीच मतं तळटिपा लावून छापलेली दिसली.

ही समीक्षा ती वरून करायची. चित्र टिकायचं तर माळवदावर कुणीतरी अँटेनाचा बांबू धरून उभं राहावं लागे, आणि ते कुणी करायचं याबद्दल घरातल्या पुरुषांत कधीच मतभेद झाला नाही. आत्या एका हाताने बांबू धरी आणि झरोक्यातून खाली टीव्ही बघे.

अशाच एका रविवारी राजूरचे पाहुणे मला बघायला आले. हे स्थळ मला मनापासून हवं होतं, कारण पोह्यांची बशी घेताना मुलाने मला पुढे शिकायचंय का, असं विचारलं होतं. मालिका सुरू झाली आणि मुलाचे मामा मला बघायचं विसरले. राजकुमाराने राक्षसावर तलवार उगारली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"ओ बाई, जरा डावीकडं! जल्दी!" मामा ओरडले.

"हात भरून आला," झरोक्यातून उत्तर आलं. "तुम्हीच या की वर, मामा. तो तलवार धरून राह्यला, तुम्ही जरा बांबू धरा."

वडिलांचा चेहरा उतरला. मामांनी टोपी चढवली आणि ते म्हणाले, "चला. पाव्हण्याला असं बोलत्यात व्हय?" माझं पुढचं शिक्षण चपला शोधायला निघालेलं मला दिसत होतं.

मुलगा उठला. बशी खाली ठेवून शिडीने वर गेला. थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज आला, "आलं का?" आलं नव्हतं. त्याने बांबू असा फिरवला की होतं तेवढंही गेलं. चित्र परतलं तेव्हा राक्षस मरून पडला होता.

"मारला राजकुमारानं!" मामा खुशीत बसले, टोपीही काढली.

"मेला खरा," आत्या वरून म्हणाली. "पण मारला कुणी, हे बघितलं का कुणी?"

तिच्याशेजारी कुणीतरी मोठ्याने हसलं. त्या हसण्याशी माझं लग्न झालं.

काही वर्षांनी केबल आली आणि बांबू उतरला. आत्याला पहिल्यांदाच टीव्हीसमोर खुर्ची मिळाली. मी माहेरी गेले होते, तेव्हा कुठलासा नवा वीर पडदा भरून गर्जत होता.  आत्या माझा हात हातात घेऊन म्हणाली, "इथून लईच मोठा दिसतो गं हा. वरून बराबर दिसायचा."