गुलाबी खडूचा भाता

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी एका दुपारी सबंध गाणं बुजवून टाकलं होतं. खळ शिजवली, जुन्या वहीच्या कागदाचे बारीक तुकडे कापले आणि नणंदेच्या टेबलावर एक लांबलचक कागदाची गुंडाळी होती, तिला जिथे जिथे भोकं दिसली तिथे तिथे ते निगुतीनं चिकटवले. कसर लागलेला कागद किती जपून ठेवलाय, बिचाऱ्यांना वेळ होत नसेल, आपण हातभार लावू... एवढी मी हुशार. शाळेत चित्रकलेला बक्षीस मिळालेलं, त्याचा माज वेगळाच. संध्याकाळी मंदावन्सं दुकानातून आल्या. गुंडाळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुमन, ती भोकं म्हणजेच गाणं होतं गं."

मग आठवडाभर खिडकीत बसून ओलं फडकं आणि ब्लेड घेऊन मी ते गाणं मोकळं केलं. या विद्येशी माझी ओळख झाली ती अशी, मागच्या दारानं.

मंदावन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, जाऊन आता महिना होत आला. न्यूमोनियाचं निमित्त झालं. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठी डब्यात पेज भरत होते. माझ्या नातीनं फोन घेतला, ऐकला, आणि डब्याचं झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. ती पेज दुपारपर्यंत ओट्यावर तशीच होती. टाकायला कुणाचा हात होईना...

आपोआप वाजणारे जुने पियानो दुरुस्त करणं हे त्यांचं काम. असे पियानो असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. खाली पाय मारायचे. आतला भाता हवा ओढून घेतो. भोकांचा कागद पितळी दांडीवरून सरकत जातो आणि ज्या स्वराचं भोक समोर येईल ती पट्टी आपली आपण खाली जाते. माझे सासरे गिरगावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. कुणीतरी असा एक मोडका पियानो त्यांच्याकडे आणून टाकला, आणि भाता शेवटी भाताच, म्हणून त्यांनी त्यात हात घातला. मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, बँकेची नोकरी प्यारी. शिकली ती मुलगी. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. "पियानो हलवायला चार माणसं लागतात, नवरा एकटाच येतो," म्हणाल्या.

गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा हा सगळा पसारा बाल्कनीत मांडला. भात्याचं कापड लाकडाला चिकटवायला सरस लागतो, आणि तो कढवायला लागला की वास जिन्यापर्यंत जातो. आमचा मजला सगळा गुजराती जैन. पहिल्याच दिवशी समोरच्या बेन नाकाला पदर लावून दारात.

"मंदाबेन, क्या पक रहा है?"

"पियानो," वन्सं म्हणाल्या.

"उसमें डालते क्या हो?"

सरस कशाचा करतात हे वन्संच्याने खोटं सांगवेना. जनावरांच्या हाडाकातड्याचा, असं त्यांनी खरं सांगितलं, आणि लवकरच जवळच्या गोडदेव गावात एक गाळा भाड्यानं घेतला. बेन बिचाऱ्या शेवटपर्यंत आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, पण वन्सं आजारी पडल्या तेव्हा रोज त्यांची चौकशी करायच्या.

शिकायला मुलगे येत. चार महिन्यांत भात्याचं, नळ्यांचं एवढं शिकत की एसी दुरुस्तीवाले त्यांना उचलत. "आणि मला का नाही शिकवत?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू बुजवतेस." मग मी आपली डबा पोचवणारी, कागद उलगडून धरणारी.

गाळ्याशेजारी रंजना ब्लाउज शिवायची. तिथलीच, जुन्या गावातली, चाळिशीच्या आतबाहेरची. एकदा वन्संची कात्री बोथट झाली म्हणून कापड कापायला तिच्याकडे दिलं. तिनं खडूनं एक रेघ मारली आणि एका दमात कापलं. परत येताना शेअर रिक्षात, तिघी दाटीवाटीनं बसलेल्या असताना, वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही." बस, एवढंच. माणूस सापडल्याचा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशीच पाहिला.

रंजना शिकली. पण वन्संच्या तोंडून कधी शाबासकी ऐकली नाही. चांगलं झालंय, असं त्या कुणालाच म्हणत नसत. काम पसंत पडलं की ते आत बसवायचं आणि पुढचं काम हातात द्यायचं. नाही पडलं तर, "परत कर." गळणारा भाता गाळ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची सासऱ्यांपासूनची आण.

गेल्या दिवाळीच्या सुमारास वसईच्या एका डॉक्टरांचा पियानो आला होता. रंजनानं त्याचा भाता दोनदा केला, दोनदा वन्संनी सोलायला लावला. तिसरा केल्यावरही "परत कर" ऐकलं, तेव्हा ती उठली.

"बाई, माझ्या हाताला काय झालं न्हाय. थरथरतात ते तुमचं हात. त्याचा राग माझ्यावर कशाला?"

वन्संनी सरसाच्या भांड्याखालची शेगडी तेवढी बंद केली. रंजना गेली ती परत आली नाही. मी चार-पाच वेळा म्हटलं, बोलावू का तिला? "तिला रस्ता माहीत आहे," म्हणायच्या. आणि तरी गाळ्याचं शटर अर्धं उघडं ठेवून दुपारभर दाराकडे तोंड करून बसायच्या... हे मी पाहायची आणि न पाहिल्यासारखं करायची. दोघींमध्ये पडायला हवं होतं मला. एरवी कुठेही नाक खुपसणारी मी, नेमकी तेव्हाच रंजनाकडे गेले नाही.

त्या गेल्यावर डॉक्टरांचा फोन आला. झाला असेल तसा न्यायला गाडी पाठवतो, म्हणाले. गाळा उघडून मी पियानोची खालची फळी काढली. आत भाता बसवलेला होता. कापडाच्या कडेनं शिंप्याच्या गुलाबी खडूची रेघ. वन्सं खुणा करायला पेन्सिलीखेरीज कशाला हात लावत नसत. म्हणजे हा रंजनाचाच तिसरा भाता. सोलला नव्हता, बसवला होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि त्या गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

रंजनाच्या दुकानात जाऊन म्हटलं, "बाईंनी तुझा भाता बसवलाय." ती मशीनवरून उठली आणि ब्लाउज तसाच टाकून आली.

मी रुमाल तयार ठेवला होता. वाटलं, आता ही रडणार, आपण पाठीवरून हात फिरवू, सगळं शोभेल असं होईल. या वयातही माझा नाटकी स्वभाव जात नाही. रंजना उघड्या पियानोसमोर आडवी झाली. मला पाय मारायला सांगितले आणि भात्याच्या डाव्या कोपऱ्याशी गाल नेऊन डोळे मिटून पडून राहिली. हवा कुठून शिरते ते गालाला कळतं. मी पाय मारत राहिले. बऱ्याच वेळानं ती उठून बसली, खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"कोपरा हवा खातो हाय, काकू. बाईंना कळलं असंल की. तरी बसवला... सरस कुठं ठेवलाय त्यांनी?"