राबाजवळ मोजलेले श्वास

१७ मार्च १९५८, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. प्रयोगशाळेतले कपाट आवरताना आज माझी कॉलेजातली जुनी वही उघडली आणि वरच्या तारखेच्या या नोंदीच्या पानाला अजून पाचोळ्याच्या धुराचा वास आला.

बी.एस्सी.ची परीक्षा आठवड्यावर आली होती. तीन रात्री मला झोप नव्हती, वाचलेले काही लक्षात राहत नव्हते. उमरठच्या माझ्या आत्याने भातरोपांची जमीन भाजण्यासाठी पालापाचोळ्याचा राब पेटवला आणि मला शेजारी बसवले.

"राब विझंपर्यंत बोलायचं नाय गो."

"त्याने काय होतं, आत्या?"

"मोजून बघ की. शिकलेली हायेस ना तू?"

मौनाने काही होत नाही हे सिद्ध करण्यासाठी मी तिचे श्वास मोजू लागले. धूर संथपणे वर चढत होता. तिचे राखाडलेले हात मांडीवर निश्चल होते.

तिने खांद्याला स्पर्श केला तेव्हा राब विझला होता.

"झोपलीस काय?"

"नाही. जागीच होते."

मोजणे तेवढे केव्हातरी थांबले होते. त्या दिवशी मी शेरा लिहिला होता, 'निरीक्षण अपूर्ण'. आज तो खोडला. त्याच्या वरचा आकडा मात्र राहू दिला: एक्केचाळीस.