मामेसासऱ्यांचा सांगावा

माणसं गोळा करण्यात आमच्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा साऱ्या संगमनेर तालुक्यात कुणी नव्हता. आणि ती ज्या रीतीने गोळा होत, ते पाहून माझ्या तरी अंगावर काटा येई. गृहस्थ दिसायला किरकोळ, कानात अत्तराचा फाया, खिशात मोबाईल. पण तो फक्त वेळ बघायला. मी एकदा गावाच्या ग्रुपवर ग्रामसभेचा निरोप टाकला. अंगठे आले पन्नास, माणसं आली चार. मामा म्हणाले, "जावईबापू, आंगठा दावनारा घरीच ऱ्हातो. मयताला मातुर कुनी कारन सांगत न्हाई!"

म्हणून ते कुठलाही सांगावा मयताच्याच सुरात देत, तोही फक्त तिघांना: गिरणीवाल्या काकू, न्हावी आणि दुधाचा टेम्पोवाला. मान खाली, आवाज बारीक, "सकाळी नऊला. पारावर." बस्स. कशाला, हे विचारायची कुणाची छाती होत नसे. विहिरीतला गाळ काढायलाही गडी खांद्यावर टॉवेल टाकून, बिनअंघोळीचे हजर. एका म्हातारीने तर पारावर येताच गळा काढला, पोटभर रडून घेतलं आणि मग विचारलं, "पन गेलंय कोन?"

एकदा आगाराने आमची मुक्कामी एसटी बंद करायचं ठरवलं. पहाटे त्याच गाडीने गावच्या मुली संगमनेरला कॉलेजात जातात. गाडी गेली की शिक्षण गेलं, आणि मग स्थळं बघणं सुरू. मामांनी तिघांना सांगितलं. अख्खा गाव आगारात जाऊन बसला. घोषणा नाही, ब्र नाही. त्या शांततेला साहेब असे घाबरले, की गाडी चालू ठेवतो असं स्वतःच म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. यंदा आगाराने गाडी खरोखरच बंद केली. माझी मुलगी मंजू बारावीला. बायको म्हणाली, "स्थळ आलंय. पाव्हण्यांना एकदा पोरीला बघून तर जाऊ द्या." मी ग्रुपवर लिहिलं, नेहमीप्रमाणे अंगठे आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाराकडे गेलो, तर सगळा गाव तिथे उभा. कुणी बोलत नव्हतं. दुधाच्या टेम्पोत, ट्रॅक्टरवर, मिळेल त्या गाडीत दाटीवाटीने बसून आम्ही आगारात गेलो, आवारात बसून राहिलो, आणि दुपारपर्यंत गाडी मंजूर झाली.

परतताना मी काकूंना विचारलं, सांगावा कुणी दिला? त्या म्हणाल्या, न्हाव्याने. न्हावी म्हणाला, टेम्पोवाल्याने. टेम्पोवाला म्हणाला, "मला तर काकूंनीच सांगितलं की!" तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मी एकटाच हसलो.

"आन तुमाला वो कुनी सांगितलं, जावईबापू?" काकूंनी हळूच विचारलं.

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी अंघोळ न करता निघालो होतो, आणि माझ्या खांद्यावर टॉवेल होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुटली. मंजूने खिडकीतून हात हलवला. मला मामांची फार आठवण आली. आणि खरं सांगतो, थोडी भीतीही वाटली.